सोळा आणे गावाचे दप्तर

वैनगंगेच्या खोऱ्यात आपल्या पूर्वजांनी जे काही लिहून ठेवले, ते मातीत लिहून ठेवले. दोन टेकड्यांमधील खिंड हेरावी, तेथे पाळ घालावी, पावसाचे पाणी अडवावे आणि त्या पाण्याच्या आधारे खालच्या बांध्यांतून धान व मळ्यांतून ऊस पिकवावा, हे कोहळी समाजाचे पिढीजात व्रत होय. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जाती व जमातींविषयी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात भंडारा व चांदा या दोन जिल्ह्यांतील या लहानशा शेतकरी जातीची लोकसंख्या १९११ साली सुमारे २६,००० असल्याचे नमूद आहे, आणि वैनगंगेच्या खोऱ्यातील प्रसिद्ध तलाव बांधणारी ती हीच जात, असा गौरवही केलेला आहे. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना आपल्या पूर्वजांना सोबत आणले, ही दंतकथाही त्याच ग्रंथात आढळते. नवेगावचा विस्तीर्ण बांध कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या प्रारंभी घातला, असे परंपरा सांगते. तेथील लोकांनी त्यांना कोलासूर देव म्हणून टेकडीवर बसविले. सिरेगाव आणि शिवनी येथील तलावांची कीर्तीही अशीच जुनी आहे.

परंतु देव झालेला एक पाटील सोडला, तर पाळीवर माती वाहणाऱ्या शेकडो हातांची नावे कोठे आहेत? मातीने पाणी राखले. नावे राखणे हे मातीचे काम नव्हे. ते काम कागदाचे. आणि आपला समाज पाण्याच्या बाबतीत जितका दक्ष, तितकाच कागदाच्या बाबतीत उदासीन राहिला, हे आम्हांस खेदाने नमूद करावे लागते. पाळीला भेग पडली तर रात्री कंदील घेऊन धावणारा शेतकरी, आपल्या आजोबांचे नाव सरकारदप्तरी कसे लिहिले आहे हे विचारावयास तहसिलीत जात नाही. मुलाच्या शाळाप्रवेशाची किंवा नोकरीची वेळ आली, भावाभावांत वाटणीचा वाद उपस्थित झाला, अथवा मतदानाच्या दिवशी यादीत नाव सापडले नाही, म्हणजे मग धावपळ सुरू होते. यास्तव या वर्षीच्या स्मरणिकेत आपल्या गावोगावच्या दप्तराचा इतिहास, आणि त्याच ओघात मतदारयादीचा इतिहास, थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे. हा इतिहास केवळ कागदांचा नाही. कोणत्या काळी गावातील कोणता मनुष्य नोंद करण्याजोगा मानला गेला, याचा तो इतिहास आहे.

मालगुजारीचे दप्तर

भोसल्यांच्या राजवटीत गावचा पाटील सारा गोळा करी व सरकारात भरी. जमिनीची मालकी मात्र त्याच्याकडे नव्हती. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला, व त्यानंतरच्या दशकात भंडारा जिल्ह्याचा पहिला नियमित बंदोबस्त पार पडला. या बंदोबस्ताने फार मोठा पालट घडविला. काल जो केवळ सारा गोळा करणारा होता, तो मालगुजार या नात्याने गावाचा मालक ठरला. संपूर्ण गावाचे सोळा आणे मानून भाऊबंदांचे हिस्से आणे-पैत लिहिले जाऊ लागले; हिस्सेदार अनेक असल्यास त्यांच्या वतीने सरकारशी व्यवहार करणारा लंबरदार नेमला जाई. मालगुजाराच्या घरच्या शेतीला सीर व खुदकाश्त, काही जुन्या कब्जेदारांना मालिक मकबुजा, वहिवाटीच्या रयतेला मौरुसी, अशा पायऱ्या पडल्या. आपल्यापैकी काही घराणी या शिडीच्या वरच्या पायरीवर होती, बहुसंख्य मधल्या पायऱ्यांवर, आणि अनेकांना शिडीच नव्हती.

या बंदोबस्ताच्या मिसलीत काय काय असते, हे आपल्या तरुणांनी जाणून घ्यावे. गावाचा नकाशा असतो. प्रत्येक तुकड्याला खसरा क्रमांक असतो. खतौनीत कोणाच्या नावे किती जमीन व किती लगान हे असते. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचा कागद म्हणजे वाजिब-उल-अर्ज, अर्थात गावच्या रूढींची नोंद. तलावाचे पाणी कोणास व कोणत्या क्रमाने मिळावे, पाटाची दुरुस्ती कोणी करावी, गुरे कोठे चरावीत, जळण व इमारती लाकूड कोठून आणावे, मासे कोणी धरावेत, हे गावाने सांगितले आणि अधिकाऱ्याने लिहून घेतले. तलाव बांधणाऱ्या जातीला याहून मोठी सनद ती कोणती? पुढे तयार झालेले निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज यांना १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही स्थान राहिले आहे. गावच्या सामाईक पाण्याचा, वाटेचा किंवा चराईचा वाद निघाला, म्हणजे हा जुना कागद आजही बोलू लागतो.

या दप्तरात माणसाची ओळख कशी लिहिलेली असे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. आडनाव क्वचितच आढळते. नाव, त्यापुढे ‘वल्द’ म्हणजे बापाचे नाव, मग जात, आणि शेवटी ‘साकिन देह’, म्हणजे याच गावचा राहणारा, एवढ्यात मनुष्य संपतो. आज आपण कापगते, लंजे, हातझाडे, संग्रामे अशा आडनावांनी एकमेकांस ओळखतो. परंतु केवळ आडनावाने जुन्या खतौनीत शोध घेणाऱ्याच्या हाती बहुधा निराशाच येते. तेथे पणजोबांचे नाव व त्यांच्या वडिलांचे नाव ही जोडीच कामास येते. म्हणून वंशावळ तोंडपाठ नसेल तर दप्तराचे दार उघडत नाही.

स्त्रियांची गोष्ट तर याहून निराळी. या कागदांत स्त्री आली, तर ती ‘मुसम्मात’ अमुक, ‘बेवा’ तमुक, अशी येते. म्हणजे नवरा गेल्यावर आणि जमीन तिच्या नावे झाल्यावरच. सधवा स्त्रीचे अस्तित्व बंदोबस्ताच्या दप्तराला ठाऊकच नाही. तसेच भूमिहीन मजुराचेही. जो सारा भरी किंवा लगान देई, त्याचीच नोंद. उरलेले गाव जणू नव्हतेच.

कोतवालाचे पुस्तक

या नियमाला एक मोठा अपवाद होता, आणि तो गावातील अगदी लहान मानल्या गेलेल्या चाकराने घडवून आणला. गावचा कोतवाल हा पहारेकरी. पुष्कळ गावी हे काम महार बांधवांकडे असे. गावात कोणाकडे मूल जन्मले, कोण वारले, याची वर्दी त्याने पोलीस ठाण्यावर द्यावयाची आणि तेथे ती लिहिली जावयाची, अशी मध्यप्रांतात पद्धत होती. हीच ती कोतवाल पंजी किंवा कोतवाल बुक. तिच्यात जन्माचा दिनांक, मूल मुलगा की मुलगी, बापाचे नाव, जात व गाव हे येते. येथे जमीनदार व मजूर असा भेद नाही. मालगुजाराच्या वाड्यातील जन्म व गावकुसाबाहेरील झोपडीतील जन्म एकाच पानावर, एकाखाली एक लिहिलेले सापडतात. ज्याला स्वतःला अक्षर येत नसे अशा कोतवालाने पायपीट करून दिलेल्या वर्दीवर आज सुशिक्षित घराण्यांची कागदपत्रे उभी आहेत, याची कृतज्ञ जाणीव आपण ठेवली पाहिजे.

पुढे १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यान्वये ही नोंद ग्रामपंचायतीकडे आली. म्हणून १९७० नंतर जन्मलेल्यांनी प्रथम ग्रामपंचायतीत पाहावे. त्याआधीच्यांनी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल पंजीची नक्कल मागावी.

हक्क मोजणारी यादी

आता मतदारयादीकडे वळू. १९१९ च्या कायद्याने प्रांतिक कौन्सिलांच्या निवडणुका सुरू झाल्या, तेव्हा मत हे माणसाला नव्हते, मालमत्तेला होते. किती सारा भरतो, किती लगान देतो, यावरून खेड्यातील मतदार ठरे. म्हणजे त्या काळची मतदारयादी ही खतौनीच्या वरच्या थरातून काढलेली साय होती. स्त्रियांना प्रारंभी मत नव्हते. पुढे एकेका प्रांताच्या कौन्सिलाने ठराव करून ते दिले. १९३५ च्या कायद्याने हा परीघ वाढविला. तरीही १९३७ च्या निवडणुकांत ब्रिटिश प्रांतांतील मतदारांची संख्या सुमारे ३ कोटींच्या आसपासच होती. ज्याच्याजवळ ना जमीन, ना अक्षर, तो अद्याप यादीबाहेरच होता.

मग आले १९५१ साल. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात या सालाएवढे कागदोपत्री गजबजलेले दुसरे साल नसेल. भंडारा तेव्हा मध्यप्रदेश राज्यात होता. मध्यप्रदेशाच्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यान्वये ३१ मार्च १९५१ रोजी गावांचे मालकी हक्क सरकारजमा झाले. सोळा आण्यांचा हिशेब संपला. तलावही मालगुजारांच्या हातून गेले आणि त्यांना ‘माजी मालगुजारी’ हे नाव चिकटले. आज लोक त्यांना सुटसुटीतपणे ‘मामा तलाव’ म्हणतात. त्याच वर्षी स्वतंत्र भारताची पहिली खानेसुमारी झाली व तिच्या आधारे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर घरोघरच्या नावांनिशी तयार करण्यात आले. आणि त्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १९५१ पासून, पहिली सार्वत्रिक निवडणूक सुरू झाली. ती २१ फेब्रुवारी १९५२ पर्यंत चालली. देशभर १७ कोटी ३० लाखांवर मतदारांची नावे यादीत आली. सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त होत.

या योगायोगाचा अर्थ आपण नीट समजून घ्यावा. ज्या वर्षी मालगुजाराचा हिस्सा दप्तरातून गेला, त्याच वर्षी त्याच्या सालदाराचे नाव दप्तरात आले. घटनेच्या ३२५ व्या कलमाने धर्म, वंश, जात किंवा लिंग या कारणास्तव कोणासही यादीबाहेर ठेवता येणार नाही असे ठरविले, आणि ३२६ व्या कलमाने प्रत्येक प्रौढास मत दिले. ही यादी तयार करताना सारा किंवा लगान कोणी विचारला नाही. घर कोणते, नाव काय, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव काय, वय २१ पुरे आहे काय, एवढेच विचारले. गावच्या इतिहासात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाला स्वतःच्या नावाने मोजणारा आणि मोजून त्याच्या हाती सत्ता देणारा हा पहिला कागद होय.

प्रत्येक प्रौढाला, असे आम्ही म्हटले. परंतु येथे एक सल आहे. यादी करणारा दारात आला, तेव्हा देशातील लाखो स्त्रियांनी आपले नाव सांगितले नाही. अमक्याची माय, तमक्याची बायको, एवढेच उत्तर मिळाले. निवडणूक आयोगाने अशी नावे ग्राह्य धरण्यास नकार दिला, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नोंद पहिल्या यादीतून गळाली. यांतील बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्यप्रदेश, राजस्थान व विंध्य प्रदेश या राज्यांतील होत्या. आपला जिल्हा त्या वेळी मध्यप्रदेशात होता, हे विसरता कामा नये. उखाण्यात पतीचे नाव मोठ्या हौसेने घेणाऱ्या आपल्या आज्यांना स्वतःचे नाव परक्यापुढे घेण्याचा मात्र संकोच वाटला. आयोगाचा आग्रह त्या वेळी कठोर वाटला असेल. पण त्या आग्रहामुळेच पुढच्या याद्यांत स्त्रिया आपापल्या नावाने आल्या, हेही खरे.

या नव्या हक्काचे तेज आपल्या जिल्ह्याने लवकरच पाहिले. भंडारा लोकसभा मतदारसंघ तेव्हा दोन जागांचा होता. प्रत्येक मतदाराला दोन मते असत आणि एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव असे. १९५४ च्या पोटनिवडणुकीत येथून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले आणि सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष येथे पराभूत झाले, याची रुखरुख अनेकांच्या मनात आजही आहे. तथापि त्या घटनाकारांचे भवितव्य भंडाऱ्याच्या धानउत्पादक शेतकऱ्याच्या व मजुराच्या एका कागदावर अवलंबून होते, ही गोष्ट त्यांनीच लिहिलेल्या घटनेची थोरवी सांगते.

राज्य बदलले, तालुके बदलले

यानंतर आपल्या दप्तराने अनेक स्थित्यंतरे पाहिली, आणि शोध घेणाऱ्यांची गफलत नेमकी येथेच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र स्थापन झाला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व जनपद सभांच्या शाळा त्यांच्याकडे गेल्या; म्हणून जुन्या दाखल्यावर जनपद सभेचे नाव दिसले तरी आजचे रजिस्टर त्याच गावच्या जिल्हा परिषद शाळेत शोधावे. एकत्रीकरणाच्या योजनेने अनेक गावांत जुने खसरा क्रमांक जाऊन गट क्रमांक आले. जुना खसरा आज कोणत्या गटात आहे, हे भूमि अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयातील एकत्रीकरणाच्या कागदांवरून कळते. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि आपले नवेगाव त्या बाजूस गेले. सांप्रत भंडारा जिल्ह्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी असे सात तालुके आहेत; परंतु जुन्या कागदांत लाखनीचे वा लाखांदूरचे गाव निराळ्या तहसिलीत असणार, हे ध्यानी ठेवावे. कागदावरील ‘मौजा’, ‘बंदोबस्त नंबर’ व ‘पटवारी हलका नंबर’ ही तीन चिन्हे टिपून घेतली, म्हणजे गाव हरवत नाही.

गावे मात्र हरवतात. काही मौजे कागदावर ‘रिठी’ म्हणून उरले आहेत. तेथे जमीन आहे, वस्ती नाही. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी १९८८ साली झाली, आणि त्याच्या जलाशयापायी अनेक गावांना जुने गावठाण सोडावे लागले. ज्या कुटुंबाचे घर, देऊळ व स्मशान पाण्याखाली गेले, त्याला आपण अमुक गावचे हे सांगण्यास आता दप्तरच उरले आहे. तलाव बांधणाऱ्यांच्या मुलुखात पाण्यानेच गाव गिळावे, ही नियतीची विचित्र लीला होय.

कोणता कागद कोठे

आता व्यवहाराचे बोलू. जातपडताळणीसाठी महाराष्ट्राचा कायदा ऑक्टोबर २००१ पासून अमलात आहे. पडताळणीत ठरावीक दिनांकापूर्वीचे वास्तव्य व जातीची नोंद पाहिली जाते: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. वडिलांच्या, आजोबांच्या किंवा चुलत आजोबांच्या नावे यापूर्वीचा एक स्वच्छ कागद मिळाला, की मुलाची वाट मोकळी होते. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, कोतवाल पंजी, खतौनी, अधिकार अभिलेख, जुने खरेदीखत, हे त्याचे मुख्य मार्ग. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा अशाच महसुली, शालेय व जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि १९५१ चे रजिस्टर पाहण्यात आले. जुन्या कागदाचे मोल त्या वेळी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

आपल्या समाजाने याबाबतीत एक विशेष सावधगिरी बाळगावी. ‘कोहळी’ या शब्दातील ‘ह’ घाईत गळला, की ‘कोळी’ होते. आणि तो सर्वस्वी निराळा समाज आहे. कोठे ‘कोहली’ असेही लिहिलेले असते. नक्कल हाती पडताच तेथेच उभे राहून हा शब्द वाचावा आणि मूळ पानाशी ताडून पाहावा. दुसरे असे की, जुन्या नोंदी काही मोडीत, काही हिंदीत, तर काही मराठीत आहेत. फसली सन आढळल्यास त्यात ५९० ते ५९३ मिळविले म्हणजे इसवी सनाचा अंदाज येतो. तिसरे, खानेसुमारीचे मूळ घरपत्रक मागण्यात वेळ दवडू नये. १९४८ च्या जनगणना कायद्यान्वये ते कोणासही पाहावयास मिळत नाही.

सात-बारा, आठ-अ व फेरफार हे तलाठ्याकडे, ज्याला आपण अजून पटवारीच म्हणतो, आणि आता संगणकावरही मिळतात. त्याहून जुने कागद तहसील व जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षांत, आणि प्रांतिक सरकारचे कागद नागपूरच्या पुराभिलेखागारात. कागद मिळत नसल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा अर्ज करावा. मात्र अर्जात गाव, साल व पूर्वजाचे नाव नेमके असावे. ‘आमच्या घराण्याची सर्व माहिती द्यावी’ अशा अर्जाला कोणताही कारकून उत्तर देऊ शकणार नाही.

यादीत आपले नाव

मतदारयादी तर याहून सुलभ आहे, आणि म्हणूनच तिच्याकडे अधिक दुर्लक्ष होते. भंडारा जिल्ह्यात तुमसर, भंडारा व साकोली हे तीन विधानसभा मतदारसंघ असून, ते भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात मोडतात. प्रत्येक मतदान केंद्राची यादी हा एक स्वतंत्र भाग असतो. त्यात घर क्रमांक, नाव, नाते, वय हे क्रमाने येते. ही यादी गुप्त नाही. प्रारूप यादी हरकतींसाठी उघडपणे लावली जाते, मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याजवळ, म्हणजे बहुधा गावच्याच शिक्षकाजवळ किंवा अंगणवाडी सेविकेजवळ, ती पाहता येते, आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरही ती असते. १९५० या क्रमांकावर दूरध्वनी केल्यासही चौकशी होते. नवे नाव घालण्यास नमुना ६, नाव वगळण्यास किंवा हरकतीस नमुना ७, दुरुस्ती वा स्थलांतरास नमुना ८. १९८९ पासून मतदानाचे वय १८ झाले. आणि २०२२ पासून वर्षातून चार अर्हता दिनांक आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर.

ग्रामपंचायतीची यादी निराळी तयार होते, असा गैरसमज गावोगाव आढळतो. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेऊन तिचे प्रभागवार विभाजन करतो. मूळ यादीत नाव नसेल तर प्रभागाच्या यादीत ते येणार कोठून? ऐन ग्रामपंचायत निवडणुकीच्या वेळी होणारी भांडणे बहुधा या अज्ञानातून होतात. दुसरी गोष्ट नागपूर-पुण्यास कामास गेलेल्या तरुणांची. एका माणसाचे नाव दोन ठिकाणी असू शकत नाही, आणि खोटे निवेदन हा गुन्हा आहे. जेथे राहता तेथे नोंदवा, किंवा गावीच राखा. पण दोन दगडांवर पाय ठेवू नका.

जुन्या मतदारयाद्यांचेही मोल आता वाढले आहे. २०२५ साली बिहारमध्ये याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी झाली, तेव्हा २००३ च्या यादीत स्वतःचे वा आईबापांचे नाव असणे हा मोठा आधार ठरला. वीस-बावीस वर्षांपूर्वी ज्यांनी यादी पाहण्याचा आळस केला नाही, त्यांना तो आधार आयता लाभला. मतदारयादी म्हणजे जातीचा पुरावा नव्हे, कारण तीत जात लिहिलेलीच नसते. परंतु अमुक साली अमुक कुटुंब अमुक घरात राहत होते, हे ती सांगते.

आणि पुन्हा स्त्रियांचा प्रश्न. लग्न होऊन गेलेल्या लेकीचे नाव माहेरच्या यादीत तसेच राहते; सासरी ते नव्या नावाने घातले जाते, किंवा घालावयाचे राहूनच जाते. शाळेच्या रजिस्टरात ती एका नावाची, रेशनकार्डात दुसऱ्या, यादीत तिसऱ्या. उद्या तिच्या मुलांना आजोळचा कागद हवा झाला, किंवा माहेरच्या वाटणीत तिचा हिस्सा निघाला, तर या तीन नावांची बाई एकच, हे सिद्ध करण्यातच वर्षे जातात. सासरच्यांनी हौसेने नाव बदलण्यापूर्वी एवढा विचार करावा, आणि नमुना ८ भरण्याचे काम लग्नाच्या वर्षातच उरकावे.

तेव्हा ज्ञातिबांधवांना व भगिनींना आमची विनंती एवढीच आहे. येत्या वर्षात प्रत्येक कुटुंबाने एक वही करावी. तिच्या पहिल्या पानावर पाच पिढ्यांची वंशावळ लिहावी, आणि प्रत्येक पुरुषाच्या नावाशेजारी त्याच्या पत्नीचे माहेरचे नाव व गाव लिहावे. दुसऱ्या पानावर मौजा, बंदोबस्त नंबर, पटवारी हलका, जुना खसरा आणि नवा गट. तिसऱ्या पानावर घरातील प्रत्येक प्रौढाचा मतदारयादीतील भाग व अनुक्रमांक. सोबत मिळतील त्या नकला जोडाव्यात. ज्या घरी वयोवृद्ध आजी-आजोबा आहेत, त्यांनी हे काम दिवाळीपर्यंतही लांबवू नये. कारण कित्येक नावे आज केवळ त्यांच्याच स्मरणात आहेत, कोणत्याही कचेरीत नाहीत. आपल्या गावच्या वाजिब-उल-अर्जात तलावाविषयी काय लिहिले आहे, त्याची नक्कल ज्यांना मिळेल त्यांनी ती मंडळाकडे अवश्य पाठवावी. गावागावांच्या अशा नकला एकत्र आल्या, तर कोणत्या पाळीला कोणाचे हात लागले, हे पुढील स्मरणिकेत नावानिशी छापता येईल.